गप्प, कुरकुर, खडखड

सोमवार, सकाळचे अकरा

प्रिय मनी,

तुझ्या भाषणाची सहा पानं शनिवारी पोचली. लाल पेन्सिल घेऊन बसले, दीड तासात काम संपलं. ‘अत्यंत’ हा शब्द तू अकरा वेळा वापरला आहेस, त्यातले नऊ मी काढले आहेत. ‘या प्रवासात’ हेही काढलंय. तू कसला प्रवास केलास? घरातून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून घरात, तोही कंपनीच्या बसने, माझ्या शेजारी बसून, खिडकी मला न देता. चष्मेवाल्या साहेबांना तू ‘द्रष्टे’ म्हटलंस तेव्हा मात्र मी पेन्सिल खाली ठेवून हसले. कपाळावर चढवलेला स्वतःचा चष्मा अख्ख्या प्रयोगशाळेला शोधायला लावणारा माणूस तो. पण असू दे. सत्काराच्या दिवशी तो समोर बसलेला असेल, म्हातारा झालाय, त्याचं मन राख.

मी अडकले ती पाचव्या पानावर. ‘मला तीन महिने उशीर झाला, आणि त्या तीन महिन्यांची भरपाई कुठलाही पुरस्कार करू शकत नाही,’ हे वाक्य. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट नाही, पण ते तसं जाऊ देणं मला शक्य नाही. गुरुवारी पानं छापायला जाणार असं तू म्हणालीस, म्हणून आज हे लिहायला बसले. फोनवर मला जमणार नाही. फोनवर तू “हो ताई, हो ताई” करत राहतेस, मग मी चिडते, आणि बोलायचं ते राहून मी तुझ्या गुडघ्याच्या औषधांची चौकशी करून फोन ठेवते. तेव्हा बैस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच चहा ठेवायला उठू नकोस.

आधी माझ्या मनातलं ओकून टाकते, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल. वर्तमानपत्रातला तुझा फोटो समोरची शेजारीण घेऊन आली. “तुमची वहिनी ना ही?” म्हणाली. मी म्हटलं, “भावाची बायको.” जणू त्या दोन वेगळ्या बायका असाव्यात. फोटोत तू पंपाखाली बसवायची ती रबरी चकती दोन बोटांत धरली आहेस, बिस्किट धरावं तशी. खाली लिहिलंय, ‘यंत्रांना गप्प करणारी बाई’. दारातच उभं राहून मी तो सगळा मजकूर वाचला, आत दूध उतू गेलं. दोन रकाने लिहिलेत. त्यात तुझा नवरा आहे, साहेब आहेत, तुला विज्ञानाची गोडी लावणाऱ्या तुझ्या मावशी आहेत. कंपनीतल्या उपाहारगृहाची पातळ कॉफीसुद्धा आहे. मी नाही. दोनदा शोधलं. शेजारणीला म्हटलं, “फोटो बरा आलाय, पण केस विंचरायला हवे होते.” ती गेल्यावर शेगडी घासत बसले आणि माझ्या लक्षात आलं की मी तासभर एकाच जागी घासत होते. एकाहत्तर वर्षांची झाले, मनी. या वयात माणसाला मत्सर झेपत नाही, पण तो काही वय विचारून येत नाही.

तू घरात आलीस तेव्हा मी पस्तिशीची होते. आईबाबा गेले तेव्हा छोटू बारा वर्षांचा होता आणि मी नुकतीच नोकरीला लागले होते. पुढची पंधरा वर्षं त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. त्याचा घसा दुखला तर मला आधी कळायचं. जिना चढताना त्याच्या पावलांवरून मी ओळखायची की पेपर कसा गेलाय. कामावर काय झालं, कोण काय बोललं, सगळं तो आधी मला सांगायचा, मग बूट काढायचा. मग तू आलीस. तुझ्या पावलांचा आवाजच येत नसे. मी स्वयंपाकघरात पातेलं उतरवत असायची आणि मागून एकदम “मी करू का?” ऐकून हातातलं पातेलं सोडायची. छोटूने तुझं नाव मनीमाऊ ठेवलं ते त्यावरूनच. मी म्हणाले होते, हिच्या चपलांना खिळे मारून आण, निदान कळेल तरी. तुम्ही दोघं हसलात. तो मला हसून दाखवत असे आणि तुझ्याशी हसत असे, यातला फरक मला पहिल्याच आठवड्यात ऐकू आला.

हेही लक्षात ठेव की कंपनीत तुला आणलं मी. तुझा अर्ज साहेबांच्या टेबलावर मी माझ्या हाताने ठेवला. घरात बसून तू माझ्या मसाल्याच्या डब्यांची जागा बदलत होतीस, ते थांबावं म्हणून ठेवला, हे खरं. पण ठेवला.

माझं काम तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण त्या पत्रकाराला तू ते सांगितलेलं दिसत नाही. आमची कंपनी इस्पितळातल्या यंत्रांसाठी छोटे पंप करायची. प्रत्येक नवा पंप शेवटी माझ्याकडे यायचा, त्या जाड भिंतींच्या खोलीत. भिंतींना, छताला, दारालासुद्धा फोमच्या सुळक्यांचं अस्तर. सगळे तिला कापसाची खोली म्हणत. आत गेलं की स्वतःच्या पापण्या मिटल्याचा आवाज येतो असं पंप जोडणारे फिटरकाका म्हणायचे. पंप लाकडी टेबलावर ठेवायचा, वर कापड टाकायचं, म्हणजे कोणी बनवला ते मला दिसू नये, कापडावर फक्त नंबर. मग पंप सुरू करायचा. मीटर आपला आकडा दाखवायचं, पण आकड्याला आवाजाचा स्वभाव कळत नाही. मी लाकडी दांडीचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायची आणि कार्डावर एक शब्द लिहायची. शब्द तीनच. गप्प, कुरकुर, खडखड. ‘गप्प’ असेल तर पंप पुढे जायचा. बाकी दोन परत. तीस वर्षं माझ्या त्या शब्दावर कोणी प्रश्न विचारला नाही. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी मला गाण्याच्या वर्गात पहिल्या रांगेत उभं केलं ते गळ्यासाठी नव्हे, कानासाठी. चाळीस मुलींत कोण अर्धा सूर खाली गातेय ते मी बोट दाखवून सांगायची. त्यामुळे मैत्रिणी कमी होत्या, पण कान पक्का झाला.

आणि तुझी ती चकती. मला मान्य आहे, कल्पना तुझी होती. आधी सगळे पंपाखाली जाड रबर घालत होते. रबराने खडखड कमी व्हायची, पण ती एक बारीक सलग गुणगुण जायची नाही. आजारी माणसाच्या उशाशी दिवसभर तीच गुणगुण. तू म्हणालीस, जाड रबराने काही होणार नाही, रबराच्या आत रचना हवी. लहान लहान कप्पे करायचे, प्रत्येक कप्प्यात ज्वारीच्या दाण्याएवढा धातूचा गोळा, मऊ रबरात टांगलेला. पंप थरथरला की गोळे उलट्या दिशेने थरथरतील आणि दोघांचं भांडण आतल्या आत मिटेल, बाहेर येणार नाही. साहेबांना ते कळायला तीन बैठका लागल्या. मला जेवणाच्या टेबलावर मिठाची कुपी हलवून दाखवलंस तेव्हाच कळलं. पण गोळा केवढा हवा, रबर किती मऊ हवं, हे त्या गुणगुणीच्या सुरावर ठरणार होतं. तो सूर कोणी दिला? मीटर दहा वेगवेगळ्या सुरांवर टोकं दाखवत होतं, तुला कळेना त्रास नेमका कशाचा होतो. मी भांडी घासता घासता तो सूर गाऊन दाखवला, आठवतंय? “हा. बाकीचे सोड, माणसाला छळतो तो हा.” तू पळत जाऊन टेपरेकॉर्डर आणलास आणि मला पाच वेळा गायला लावलंस. छोटू पोट धरून हसत होता. तुझ्या चकतीतला प्रत्येक गोळा माझ्या त्या सुराच्या मापाचा आहे, मनी. तुझ्या सहा पानांत त्यावर एक ओळ आहे, ‘घरातूनही मदत झाली’. मी काय पोळ्या लाटून दिल्या?

पण मी जे सांगायला बसले ते हे नाही. यामागे लपत मी तीन पानं आले.

तेविसाव्या नंबरचा पंप ज्या दिवशी माझ्या टेबलावर आला त्या दिवसाबद्दल तू चौथ्या पानावर लिहिलं आहेस. मार्च महिना होता. माझ्या निवृत्तीला वर्षसुद्धा उरलं नव्हतं. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की यावेळी चकती पास झाली तर सहा महिन्यांत ती घरोघरी वापरायच्या ऑक्सिजन मशीनमध्ये बसेल. त्या सकाळी तू लवकरच्या बसने पुढे गेलीस. मी छोटूचा कोट ब्रशने झाडत होते. आतल्या खिशात एक घडी घातलेला कागद लागला. छातीच्या डॉक्टरांचा. मी उघडला. शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं की दुसऱ्याचं पत्र उघडू नये, पण धाकट्या भावाचा कोट म्हणजे दुसऱ्याचा नव्हे. फुप्फुसांचा आजार, पुढे वाढत जाणारा. कागदावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. आणि खाली लिहिलेलं, ‘पत्नीला कल्पना दिली आहे.’

तीन आठवडे, मनी. तीन आठवडे आपण तिघं एका टेबलावर जेवत होतो. मी त्याला विचारलंसुद्धा होतं, खोकला का जात नाही, आणि तू म्हणालीस, “हवा बदललीये ना, ताई.” तुझा आवाज तेव्हा केसभरही हलला नाही. माझ्यासारख्या कानाला तू फसवलंस. नंतर तुम्ही दोघांनी सांगितलं की मला धक्का बसू नये म्हणून, योग्य वेळ बघून सांगणार होतात. मी ते ऐकून घेतलं. पण त्या सकाळी मला एवढंच दिसत होतं की ज्या मुलाचा घसा दुखलेला मला आधी कळायचा, त्याचं मरण त्याने आधी तुला सांगितलं. आजाराचं दुःख मागून आलं, मनी. आधी आला तो मत्सर. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि लिहून झाल्यावर बघते आहे की ते वाटलं होतं त्याहून कागदावर जास्त वाईट दिसतं.

तशीच कामावर गेले. कापसाच्या खोलीत सात पंप होते, कापडं घातलेले. पहिले चार ऐकले. खडखड, कुरकुर, कुरकुर, खडखड. मग फिटरकाकांनी पाचवा ठेवला, नंबर तेवीस. सुरू केला. मी दांडी कानामागे लावली आणि डोळे मिटले. काहीच नाही. मला वाटलं बंद पडला. हात लावला तर पंप चालू होता, हाताला कोमट लागत होता, हवा सोडत होता. तीस वर्षांत मी तसला पंप ऐकला नव्हता. तो सूर, मी भांडी घासताना गायलेला तो सूर, कुठेच नव्हता. कापडाखाली कोणाचा पंप आहे ते मला दिसू नये अशी सगळी व्यवस्था होती, पण एवढं गप्प राहणं फक्त तुलाच जमतं. मीटरचा आकडाही आजवरचा सर्वांत खाली. आणि मी कार्डावर लिहिलं, कुरकुर.

होय. नीट वाच, परत वाच. तो पंप गप्प होता आणि मी कुरकुर लिहिलं.

फिटरकाकांनी कार्ड बघितलं. त्यांचा तळवा पंपावरच होता, त्या माणसाला बोटांनी ऐकू यायचं. ते म्हणाले, “बाई, परत एकदा ऐका.” मी म्हटलं, “काका, माझ्या कानात बोळे नाहीत.” त्यांनी कापड नीट घडी घालून ठेवलं आणि पुढचा पंप आणला. मला वाटलं होतं, फार तर आठवडा जाईल. मीटरचा आकडा इतका चांगला आहे, तू येशील, भांडशील, म्हणशील परत ऐका, आणि मग मी जरा ताणून, जरा मोठेपणा घेऊन शब्द बदलेन. मला एक आठवडा हवा होता, मनी. एक आठवडा तुला माझ्या दाराशी उभं करायचं होतं, त्या कागदाच्या तीन आठवड्यांच्या बदल्यात. एवढाच हिशेब होता.

पण तू भांडलीच नाहीस. साहेब म्हणाले, मीटर तर पास म्हणतंय. तू त्यांना म्हणालीस, “मीटर चुकत असेल. ताई चुकत नाही.” दुसऱ्या कोणत्याही कंपनीत दुसऱ्या कोणत्याही बाईने मीटरवर बोट ठेवून माझं कार्ड केराच्या टोपलीत टाकलं असतं. तू तेविसाव्याचा साचा मोडलास. साहेबांनी फिटरकाकांना बोलणी सुनावली की जोडणी सैल राहिली असणार, आणि त्या माणसाने मान खाली घालून ऐकून घेतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते जाईपर्यंत मला दर वेळी पहिला नमस्कार करायचे, आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं की आता बोलतील. तूही चौथ्या पानावर तेच लिहिलं आहेस, ‘बहुधा त्या दिवशी जोडणीत काही राहून गेलं असावं.’ त्यावर मी काट मारली आहे. जोडणीत काहीही राहिलं नव्हतं. तो माणूस आयुष्यात एक स्क्रू सैल ठेवून घरी गेला नाही.

मी तेव्हाच का बोलले नाही, असं तू विचारशील. पहिल्या दिवशी रागात होते. दुसऱ्या दिवशी तू साचा मोडला होतास. तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघांनी मला बसवून आजाराचं सांगितलं, तू रडलीस, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस, आणि त्यानंतर ते सांगायचं म्हणजे तुझ्या डोक्याखालची मांडी काढून घेण्यासारखं होतं. मग महिना झाला. मग मी निवृत्त झाले, हार घातला, घड्याळ दिलं, आणि साहेब भाषणात म्हणाले, या बाईंनी तीस वर्षांत एक चुकीचा शब्द लिहिला नाही. तू सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्यास.

नोव्हेंबरात त्याला घरी ऑक्सिजन लागला. मशीन आली ती जुन्या पंपाची, आपल्याच कंपनीच्या. तेविसावा पास झाला असता तर सप्टेंबरपासून नव्या पंपाची मिळाली असती. मशीन खोलीत ठेवली तेव्हा तू तिच्यावर हात ठेवून म्हणालीस, “थोडे दिवस थांब, तुझ्यासाठी गप्प मशीन आणते.” तो म्हणाला, “घाई नको, मनीमाऊ. घरात आधीच एक गप्प आहे.” तुम्ही हसलात. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि मोरीत उभी राहिले. तिथेही ती गुणगुण येत होती. सहा महिने ती दिवसरात्र चालली. उशी बदलून पाहिली, मशीनखाली सतरंजीच्या घड्या ठेवल्या, दाराबाहेर ठेवून लांब नळी लावली. त्याची झोप गेली, मग भूक गेली, मग आवाज बारीक होत गेला. शेवटी शेवटी तो बोलायचा ते ओठांवरून ओळखावं लागायचं. त्याच्या आवाजाची पट्टी आणि त्या पंपाची पट्टी एकच झाली होती, आणि पंप थकत नव्हता.

तू अजून दिवसाचे दहा तास प्रयोगशाळेत होतीस, बत्तिसावा, तेहेतिसावा नमुना करत. म्हणून त्या दुपारी घरी मी एकटीच होते. मे महिना, चार वाजले होते, मी खिडकीचा पडदा ओढत होते. त्याने हात हलवला. मी जवळ गेले, वाकले. तो काहीतरी बोलला. पाच-सहा शब्द असतील. मी म्हटलं, काय रे? तो परत बोलला. मी कान त्याच्या ओठांना लावला. चाळीस मुलींतला अर्धा सूर पकडणारा हा कान. मला पंप ऐकू आला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो जरासा हसला, तेच मला दाखवायचं हसू, आणि त्याने डोळे मिटले. दोन दिवसांनी गेला. तू विचारलंस की त्या दुपारी काय म्हणाला. मी सांगितलं, माझ्याशी बराच वेळ बोलला, आपल्या लहानपणचं. तेही खोटं होतं. त्याचं शेवटचं बोलणं माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही, असं तुला वाटायला हवं होतं मला. काय बोलला ते मला ठाऊक नाही. कदाचित माझ्यासाठी होतं, कदाचित तुझ्यासाठी निरोप होता आणि मी तो पोचवू शकले नाही.

ऑगस्टमध्ये तुझा एक्केचाळिसावा नमुना पास झाला आणि मशीनची बाकी तयारी झालेली असल्याने लगेच तिच्यात बसला. तोवर कार्डं बंद झाली होती, मीटरच ठरवत होतं. तुझ्या भाषणात तू लिहिलं आहेस, गंमत म्हणजे एक्केचाळिसाव्याची मापं जवळजवळ तेविसाव्याचीच निघाली. त्यात गंमत काही नाही.

तर मनी, मी पाचव्या पानावरचं ते वाक्य खोडलं आहे आणि त्याच्या जागी काही लिहिलेलं नाही. तिथे काय लिहायचं ते तू ठरव. तेवीस नंबरचा पंप गप्प होता आणि तुझ्या नणंदेने त्यावर कुरकुर लिहिलं, असं सगळ्यांसमोर वाचलंस तरी चालेल. पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेवली असलीस तर मी त्या खुर्चीत बसून ते ऐकेन. खुर्ची नको वाटली तर तसं कळव, मी येणार नाही. क्षमा मी मागत नाही, कारण तू ती लगेच देशील, काही न बोलता, आणि मला पुन्हा तुझा राग येईल. अकरा वर्षं तू स्वतःला उशीर झाला म्हणत आलीस. दर मे महिन्यात फोनवर म्हणतेस, आणि मी ऐकते, आणि गुडघ्याचं विचारते. आता तू ते सहाशे माणसांसमोर म्हणणार आणि ते छापून येणार. तिथे मात्र माझ्याने गप्प बसवेना. तुला उशीर झाला नव्हता. तू वेळेच्या दोन महिने आधी पोचली होतीस, मी तुला दारातून परत पाठवलं. तुला त्याचं प्रेम मिळालं, त्याचं गुपित मिळालं, चकती मिळाली, फोटो मिळाला. त्याच्या उशाशी सहा महिने जो गोंगाट चालला, त्याचा दोष तरी तू घेऊ नकोस. तो माझा आहे, आणि तो मी तुला देणार नाही.

तुझीच, अजून तुला चालत असेल तर,
ताई